शिकलगारबाईंची बाजारची पिशवी

अजूनही आठवड्याच्या बाजारात एखादा बाप्या एखाद्या बाईची पिशवी धरून तिच्या मागे मागे चाललेला दिसला की माझं चित्त जाग्यावर राहत नाही. भाऊ असेल, दीर असेल, नाहीतर आपल्या हौसेने बाजाराला आलेला नवरा असेल. पण मी उगाच थांबतो, त्याची मान बघतो, बाह्या बघतो, मेथीची जुडी हातात घेतो आणि न घेताच परत ठेवतो. भाजीवाली वैतागते. ही खोड मला शिकलगारबाईंनी लावली आणि त्यांची नोकरी सुटली तरी ती सुटलेली नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं ती माणसं अजून तिथेच हिंडतात-फिरतात. वडूजहून एसटीने फार लांब नाही, एवढं पुरे. तिथे पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला महिलांसाठी एक समुपदेशन केंद्र होतं, आणि हमीदा शिकलगार तिथल्या समुपदेशक होत्या, अर्थातच कंत्राटी. मी तालुका कोर्टातला वकील. फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांत माझं नाव कुणीतरी घातलं होतं, म्हणून आठवड्यातून एकदोनदा तिथे जाऊन बसायचो. बसायचो म्हणालो खरं, पण बाई खोलीत असताना बसणं अवघड होतं, कारण त्या स्वतः कधी बसत नसत.

उंच, काटकुळ्या, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि पायांत जाड तळाच्या चपला. चहा उभ्याने, फोन उभ्याने, जेवणाचा डबासुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने. त्यांची खुर्ची होती, तिच्यावर फायली बसत. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू असत, आणि आपण काही सांगत असलो की आपलीही मान दाराकडून खिडकीकडे फिरत राही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बसले की डोस्कं झोपतंय माजं, वकील."

वडील धार लावणारे. सायकलवर चाक बसवून खटाव-माणच्या बाजारांतून हिंडायचे, आणि आई नसल्यामुळे ही पोर त्यांच्याबरोबर. विळ्याला धार लागेपर्यंत गिऱ्हाईक शेजारी उभं राहतं, नजर चाकावर असते आणि तोंडाने घरातलं काय काय बोलून जातं. बाईंचं सगळं शिक्षण तिथलं, असं त्याच सांगायच्या. पुढे त्या रीतसर शिकल्या, कागदही मिळवला, पण समोरासमोर खुर्च्या टाकून माणसाला बोलतं करायची पद्धत त्यांना शेवटपर्यंत पटली नाही.

बायकांसाठी त्या किती भांडल्या ते सांगायला लागलो तर हा लेख त्यातच संपेल. एका मुलीच्या सासऱ्याने तिचे दाखले अडकवून ठेवले होते, तर बाई त्याच्या दारात सकाळी जाऊन उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या उभ्या. येणारा-जाणारा विचारू लागला, आणि जेवणाच्या आधी दाखले बाहेर आले. ठाण्यातल्या पोलीस पोरांना त्यांचं एकच सांगणं असायचं, "आधी लिव्हून घे, मग हस." पोरं त्यांना वचकून असत आणि मागे नकला करत.

मग पुरुष येऊ लागले. येऊ लागले म्हणजे दारापर्यंत. दारावर 'महिला' असा मोठा फलक, त्यामुळे आत पाऊल टाकायला जीव होत नसे. उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळ्यांचं एकच, "भनीच्या कामाला आलोय." मी सरळ मनाने बहिणीचं नाव विचारायचो आणि तो माणूस आल्या पावली निघून जायचा. बाईंनी मला एकदा फैलावर घेतलं. भन असती तर ती दारात असती आन् ह्यो पानटपरीवर, मार ह्योच खाऊन आलाय, म्हणाल्या.

त्यानंतर असं कुणी आलं की मी गप्प राहायचो. बाई खुंटीवरची खाकी किंतानाची पिशवी काढायच्या आणि दाराशी जाऊन म्हणायच्या, "आलाय तर चला, बाजार करून येऊ. पिशवी धरा." आमचा बाजार शनिवारचा. हळूहळू तालुक्यात कसं कोण जाणे पसरलं, आणि असे बाप्ये शनिवारीच यायला लागले. पुढे बाई, मागे पिशवी धरलेला माणूस. वांग्यांच्या ढिगापासून मिरचीपर्यंत, मिरचीपासून मातीच्या भांड्यांपर्यंत. पन्नाशीची बाई आणि तिची पिशवी धरणारा बाप्या, ह्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. लोक म्हणत, शिकलगारबाईंचं गोत लय मोठं. आणि भाव करता करता, गवार निवडता निवडता, मागचा माणूस बोलायला लागायचा.

"हापिसात बसवलं तर बाप्या आरोपीगत बसतोय," त्या मला म्हणाल्या होत्या. "चालाय लावला की बोलतोय. आन् त्याचं त्वांड मला दिसत न्हाई, म्हणून रडतोय बी."

ह्या कामाचा एक तोटा म्हणजे भाजी. एकेका माणसापायी अर्धा-अर्धा किलो वांगी. बाई विधवा, मुलगी लग्न होऊन सांगलीला. शनिवारी संध्याकाळी ती वांगी आम्हा सगळ्यांच्या घरी वाटली जात. माझी बायको एकदा म्हणाली, तुमच्या केंद्रात कज्जे सोडवतात का भरीत करतात? मी तिला काही सांगू शकलो नाही, कारण पिशवीमागची माणसं कोण हे बाहेर काढायचं नाही, ही बाईंची सक्त ताकीद होती. त्या गुप्ततेवरच सगळं चाललेलं होतं.

आता त्या माणसांना द्यायला आमच्याकडे होतं तरी काय? घरगुती छळाचा कायदा बाईसाठी, मदतीचा फोन बाईसाठी, निवारा बाईसाठी. ते सगळं असायलाच हवं, बाईंनी त्याच्यासाठी अर्धं आयुष्य घासलं होतं. पुरुषाला साधी मारहाणीची फिर्याद देता येते, ती द्यायला ठाण्यात गेला तर पोरं खुर्ची देतात, चहा देतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. त्या चहानंतर माणूस परत येत नाही. मी कायदा सांगायचो आणि माझाच मला राग यायचा.

त्यातला एक फौजी. निवृत्त होऊन आलेला, आडदांड, सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला सलामी देणारा. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्या बाह्यांखाली काय होतं ते बाईंना तिसऱ्या-चौथ्या बाजारी कळलं. बायको तापलेलं उलथनं टेकवायची. त्याने कधी हात उगारला नाही, कारण उगारला असता तर ती मेली असती, असं तोच म्हणे. घर सोडलं तर बायको टाकली म्हणतील, सांगितलं तर फौजी कसला म्हणतील. एका शनिवारी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना कळलं की तो कॅनॉलच्या काठावर बराच वेळ उभा होता आणि तिथून परत फिरला. त्या दिवसापासून बाईंच्या खोलीतल्या फेऱ्या वाढल्या. ह्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा आणि त्याचं न हसता लिहून घेणारा कुणीतरी, एवढं दोन्ही पाहिजे, आणि ते लवकर पाहिजे. त्यांना दुसरं काही सुचेना.

साताऱ्याच्या बैठकांना बाई जायच्या आणि प्रत्येक वेळी शेवटी उठून हाच विषय काढायच्या. त्यांच्याच बरोबरच्या कार्यकर्त्या त्यांच्यावर चिडल्या. आधीच आमच्या वाट्याला तुकडा, त्यात आता पुरुषांना वाटा. शिवाय बायकोला मारणारेच आधी पळत येतील आणि उलटी तक्रार देतील. हे म्हणणं खोटं नव्हतं, आणि बाई ते खोटं म्हणतही नव्हत्या. तसा एक आमच्याकडे आलाच होता. धुतलेले कपडे, डोळ्यांत पाणी, बायको कशी मारते त्याची घडाघडा कहाणी. बाई त्याला बाजारात घेऊन गेल्या आणि थोड्याच वेळात एकट्या परत आल्या. ह्याच्या बायकूला हुडका, म्हणाल्या. ती सापडली, हात गळ्यात बांधलेला. मी विचारलं, कसं ओळखलंत? तर म्हणाल्या, "पिशवी माज्याच हातात ठिवली त्यानं, आन् वर मला सांगतोय कुठली वांगी घ्यायची." मग म्हणाल्या की हे दरवेळी जमेल असं नाही, म्हणून तर नीट चौकशी करणारं कुणीतरी नेमा म्हणते.

अखेर जिल्ह्याचे एक अधिकारी यायला तयार झाले. तरुण, बाहेरच्या भागातले, अजून कुणाला खोटं आश्वासन द्यायला न शिकलेले. त्यांनी बाईंना सरळ सांगितलं होतं की माझ्या अखत्यारीत थोडं आहे, पण एका तरी पुरुषाने माझ्यासमोर खुर्चीवर बसून बोलावं, म्हणजे मला वर काही लिहिता येईल. बाईंनी फौजीला विचारलं. तो हो म्हणाला. साहेबांनी नेमका शनिवार दिला.

त्या दिवशी साहेबांची जीप बाजाराच्या गर्दीत शिरेना म्हणून नाक्यावर थांबली आणि ते चालत आले. बाईंनी आपल्या खुर्चीवरच्या फायली उचलून खुर्ची पुसून ठेवली होती. आम्ही वाट पाहिली. फौजी पानटपरीपर्यंत आला, साहेबांबरोबरचा शिपाई आणि ठाण्यातली धावपळ त्याने लांबून पाहिली, आणि बाजाराकडे वळला. मला ते खिडकीतून दिसलं. बाईंना मी सांगायच्या आत त्यांनाही दिसलेलं होतं. साहेब बराच वेळ बसले, मग उठले आणि शांतपणे म्हणाले की तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण रिकाम्या खुर्चीवर मी काय लिहू?

शिपायाला त्यांनी पुढे पाठवलं आणि बाजारातूनच नाक्याकडे निघाले. बाई त्यांच्याबरोबर, मी दोन पावलं मागे. बाईंचं बोलणं काही थांबेना, आणि बोलता बोलता हात सवयीने वांग्यांच्या ढिगात गेला. वांगी पिशवीत पडली, आणि भरलेली पिशवी त्यांनी न बघताच शेजारच्या माणसाच्या हातात दिली. शनिवारी शेजारी जो असेल त्याला पिशवी द्यायची, हाताला तेच वळण पडलेलं. शेजारी साहेब होते. त्यांनी ती धरली. पुढच्याच पावलाला बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला, आणि आलेच म्हणून त्या कोपऱ्यावरच्या चांभाराकडे लंगडत गेल्या. मी कांदेवाल्याच्या ताडपत्रीआड सावलीला सरकलो.

साहेब साधा शर्ट घालून, घामेजलेले, दोन्ही हातांनी किंतानाची पिशवी धरून उभे. तेवढ्यात गर्दीतून फौजी आला. बाईंना शोधत असावा. त्याने शिपाई पाहिला होता, धावपळ पाहिली होती, साहेबांचा चेहरा पाहिला नव्हता. पिशवी मात्र तो ओळखत होता. तो जवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पयल्यांदाच आलाय न्हवं?"

साहेबांनी हातातल्या पिशवीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मी बी असाच हुबा हुतो. दोनी हातानं धरून. भिऊ नका, बाई लय चांगल्या हायत. कुणाला बोलायच्या न्हाईत." मग इकडेतिकडे बघून त्याने मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर केली. "ह्ये माजं. फौजेत हुतो मी. कुणाला दावू? तुमाला म्हणून दावतोय."

साहेबांनी तो हात बघितला. पिशवीचे बंद त्यांनी आणखी घट्ट धरले.

"झोपायला जागा हाय का?" फौजीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सांगू लागला. "नसली तर देवळात जाऊ नका, लोक इचारत्यात. पावन्याकडं तर जाऊच नका. एसटी स्टँडवर झोपा, शेवटच्या बाकड्यावर. पिशवी उशाला घ्या, म्हंजी लोकास्नी वाटतंय गाडी चुकली आसंल."

कायद्याची पुस्तकं वाचून मी जे सांगत आलो, त्यात इतका उपयोगी सल्ला एकही नव्हता. मला तिथे उभं राहवेना आणि तिथून हलताही येईना.

बाई आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बोलल्या फक्त "चला". साहेब तसेच पिशवी घेऊन चालू लागले, त्यांच्या शेजारी फौजी, मध्येच हळू आवाजात काहीतरी समजावत. नाक्यावर ड्रायव्हरने जीपचं दार उघडलं आणि सलाम ठोकला. फौजी जागच्या जागी थिजला. बाही खाली ओढली, बटण लावायला गेला तर बोटांना सापडेना, आणि तशातही जुन्या सवयीने टाचा जुळल्या. साहेबांनी पिशवी त्याच्या हातात दिली. म्हणाले, "मी तिथेच सांगायला हवं होतं. चुकलं माझं. गुरुवारी या, तुमच्यासाठी खुर्ची असेल."

फौजीने पिशवी बाईंच्या पायाशी ठेवली आणि निघून गेला.

तो गुरुवार उजाडेपर्यंतचे दिवस बाईंनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. माझ्या हातनं झालं, माझ्या हातनं झालं, एवढंच त्या म्हणत. मुद्दाम केलंत का, असं मी एकदा विचारलं. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की पुन्हा विचारायची छाती झाली नाही. कॅनॉलवर राहणाऱ्या एका मेंढपाळाला त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. स्वतः दोनदा काठाकाठाने जाऊन आल्या. फौजीच्या घरी जाता येत नव्हतं, कारण गेल्या असत्या तर तिथे काय झालं असतं सांगता येत नाही. तिकडून साताऱ्याहून आदेश आला. गुरुवारी केंद्र पुरुषांसाठीही उघडं ठेवावं, त्यांची फिर्याद इतर फिर्यादीप्रमाणेच नोंदवून घ्यावी, बंद पडलेल्या वसतिगृहातली एक खोली त्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याला द्यावी, आणि प्रत्येक तक्रारीची दोन्ही बाजूंनी चौकशी व्हावी. मी टाळी द्यायला हात पुढे केला. बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि परत खिडकीकडे चालू लागल्या.

गुरुवारी फौजी आला. उशिरा आला, पण आला. ह्या वेळी उंबऱ्यावर थांबला नाही, आत आला, पुसलेल्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. ठाण्यातला पोरगा समोर बसून लिहून घेत होता. तो हसला नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. मलाही पुढे नीट दिसेना. फौजी काही आठवडे वसतिगृहात राहिला, मग शिरवळच्या एका कारखान्यात राखणदार म्हणून लागला. बायकोलाही बाईंनी सोडलं नाही. तिचंही ऐकून घेतलं, साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणायच्या की उलथनं काय आपोआप तापत न्हाई, आधी तिच्या आत काहीतरी पेटलेलं आसणार. हेही आमच्यातल्या काहींना आवडलं नाही.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण ती खुर्ची पुढे बहुतेक गुरुवारी रिकामीच असे. आदेश होता, खोली होती, फलकावर 'महिला'च्या खाली पुरुषांसाठी एक ओळ रंगवलेली होती, आणि माणसं शनिवारी पिशवीकडेच येत होती. काही त्यातून गुरुवारपर्यंत पोहोचत, बरीच पोहोचत नसत. सबंध राज्यासाठी नियम करावा म्हणून साहेबांनी वर पाठवलेलं लिखाण मुंबईत कुठेतरी पडून होतं, आणि साहेबांची बदली झाली. मग बाईंचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, मनापासून काम करते. पण ती खुर्चीवर बसते, आणि बाजार मोबाइलवरून मागवते.

मुलीकडे सांगलीला जायचं त्यांनी ठरवलं. केंद्रात नारळ आणि शाल झाली, ती त्यांनी उभ्यानेच घेतली. स्टँडवर पोचवायला मी गेलो. सामान फार नव्हतं, एक ट्रंक आणि खांद्याला ती किंतानाची पिशवी. गर्दीत त्यांची नजर सारखी हिंडत होती. शेवटच्या बाकड्यापाशी एकदा जाऊन आल्या. मी म्हणालो, बाई, आता तरी बसा, गाडीत खिडकीजवळची जागा धरून ठेवलीय. बसते की आता सांगलीपतोर, म्हणाल्या, आणि पायरीवर एक पाय ठेवला.

इतक्यात त्यांच्या मागे एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल, हातावर गुळगुळीत घडी केलेला रुमाल, एका कानाला कापूस. मी त्याला ह्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाईंनीही नसावं. त्याने आमच्या कुणाकडेच न बघता हात पुढे केला.

"द्या," तो म्हणाला. "पिशवी धरतो."

कंडक्टरने घंटी दिली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि पायरीवरचा पाय खाली घेतला. खांद्यावरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. ट्रंक कशीबशी मी खाली ओढली तोवर गाडी सुटली. धूळ खाली बसली तेव्हा मला त्या दोघांच्या पाठी दिसल्या. पुढे बाई, मागे पिशवी धरलेला तो, स्टँडच्या फाटकातून भाजीच्या मैदानाकडे निघालेले. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. सोमवार होता. मैदानात एक वांगंसुद्धा नव्हतं.